नांदेड पंचेचाळीस मिनिटांवर नाही

माझी नानी गेली त्या दिवशी मी औरंगाबादला होतो. सकाळी पावणेनऊला अम्मीचा फोन आला. ती रडत नव्हती, घाईत होती. "नानी गई रे बेटा. जोहर के बाद मिट्टी है. निकल." एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

नांदेडला आमच्या मोहल्ल्यात जोहरची जमात दीडला होते. म्हणजे हातात पावणेपाच तास होते. सकाळची गाडी निघून गेली होती आणि पुढची दुपारी होती. घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. मोबाइलवर 'औरंगाबाद ते नांदेड विमान' असं टाइप केलं. उत्तर लगेच आलं. अंतर सुमारे २१५ किलोमीटर, उड्डाणाचा वेळ ४६ मिनिटं.

खोटं कशाला सांगू, क्षणभर जीव भांड्यात पडला. पैसे कुणाकडून उसने घ्यायचे याचा विचारही सुरू झाला. मग खाली सरकवत गेलो. थेट विमान नव्हतंच. जे दाखवलं जात होतं ते दुसऱ्या दिवशीचं आणि दुसऱ्या राज्यातून वळसा घेऊन जाणारं होतं.

शेवटी एका मित्राने गाडी काढली. जालना, मंठा, जिंतूर, वसमत करत आम्ही कब्रस्तानाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. माणसं परतत होती. मामू म्हणाले, "तेरे लिए आधा घंटा रोका था. उससे ज्यादा कैसे रोकते?" त्यांचं चुकलं नव्हतं. जनाज्याला उशीर करायचा नसतो, हे आपल्या घरात लहान पोरालाही माहीत असतं. मी तीन मुठी माती टाकली, तीही आधीच टाकून झालेल्या मातीवर.

हे दुःख माझं आहे आणि ते माझ्यापाशीच राहील. पण त्या ४६ मिनिटांचा राग मात्र मला तुमच्यासमोर मांडायचा आहे, कारण तो आकडा माझ्या एकट्याचा नाही. मराठवाड्यातल्या प्रत्येकाला तो रोज दाखवला जातो. कधी मोबाइलच्या पडद्यावर, कधी निवडणुकीच्या भाषणात, तर कधी 'आपल्या शहरात विमानतळ' अशा रीलमध्ये.

हा आकडा येतो कुठून?

आधी हे समजून घेऊ. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोल पाठीवरून त्यांच्यामधली सर्वांत जवळची रेषा मोजायची. चिकलठाण्याच्या धावपट्टीपासून नांदेडच्या धावपट्टीपर्यंत ही रेषा साधारण २१५ किलोमीटर भरते. मग ती जेट विमानाच्या वेगाने, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरने भागायची. सोळा मिनिटं आली. त्यात चढण्या-उतरण्याची तीस मिनिटं मिळवायची. झाली ४६ मिनिटं. या हिशोबाला विमान लागत नाही, वैमानिक लागत नाही, तिकीट लागत नाही. दोन बिंदू असले की पुरे. उद्या चंद्रपूर आणि चिपळूणच्या मध्येही असाच आकडा काढता येईल.

गणित म्हणून त्यात काही चूक नाही. पण प्रवासाचा वेळ म्हणजे केवळ धावण्याचा वेळ नसतो, थांबण्याचा वेळही त्यात धरावा लागतो. आठवड्यातून दोनदा उडणारं विमान पंचेचाळीस मिनिटांचं असलं, तरी ज्याला आज जायचं आहे त्याच्यासाठी ते तीन दिवसांचं असतं. आणि जे विमान उडतच नाही त्याचा वेळ किती? त्याला आकडा नसतो. तिथे पडद्यावर शून्य नव्हे, 'रस्ता नाही' असं लिहायला हवं.

समजा उद्या खरंच रोज एक विमान सुरू झालं. मग दारापासून दारापर्यंतचा हिशोब मांडा. घरातून चिकलठाण्याला पोचायला अर्धा तास. उड्डाणाच्या तासभर आधी काउंटर बंद होतो, म्हणून शहाणा माणूस दीड तास आधी पोचतो. अशा मार्गांवर बहुतेक पंख्यांची एटीआर विमानं असतात, त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. धावपट्टीवरची रांग धरून पाऊण तास ते पंचावन्न मिनिटं. सामान घेऊन बाहेर पडायला वीस मिनिटं, तिथून घर गाठायला आणखी वीस-पंचवीस. बेरीज साडेतीन तासांच्या वर जाते. एक्सप्रेस गाडी हेच अंतर रुळांवरून साधारण साडेचार तासांत कापते, स्टेशनला जाण्या-येण्याचा वेळ धरला तर सव्वापाच. म्हणजे ४६ मिनिटांची जादू शेवटी दीड-पावणेदोन तासांच्या बचतीवर येते. ही बचत वाईट नाही. पण ती किती जणांना मिळणार? एटीआरमध्ये सत्तरच्या आसपास जागा असतात. रेल्वेच्या एका जनरल डब्यात नव्वद ते शंभर जणांच्या बसायच्या जागा असतात, उभे राहणारे वेगळेच. अख्खं विमान म्हणजे आपल्या गाडीचा एक जनरल डबासुद्धा नाही. आणि त्या डब्यातलं तिकीट दीडशे रुपयांच्या आत येतं.

उडान योजनेचा ताळेबंद

कुणी म्हणेल, सरकारने प्रयत्न तर केला. केला, आणि त्याची सुरुवात योगायोगाने आपल्याच दारातून झाली. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेतलं पहिलं विमान शिमला–दिल्ली मार्गावर निघालं, तेव्हा त्याच कार्यक्रमात नांदेड–हैदराबाद मार्गाचंही उद्घाटन झालं. हवाई चप्पल घालणाऱ्यालाही विमानात बसता यावं, हे स्वप्न सांगितलं गेलं. सुमारे तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा ठरली. ती विमानातल्या साधारण निम्म्या जागांना लागू होती. उरलेल्या जागा बाजारभावाने. कंपनीला पडणारी तूट तीन वर्षं भरून दिली जाणार होती. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार बसवला गेला आणि तुटीचा काही वाटा राज्य सरकारांनी उचलायचा ठरला. म्हणजे तुमच्या-माझ्या पैशांतून.

पुढे काय झालं ते कुठल्या विरोधी पक्षाच्या पत्रकात नाही, देशाच्या महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झालं नाही. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली. आणि सवलत संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते ५४. शंभर मार्ग जाहीर झाले तर त्यांतले सात टिकले, असा याचा अर्थ.

नांदेड या हिशोबाबाहेर राहिलं नाही. उद्घाटनाचं विमान उडवणाऱ्या कंपनीची सेवा २०२२ मध्ये थांबली. नांदेडहून पुन्हा नियमित उड्डाणं सुरू झाली ती २०२४ मध्ये, दुसऱ्या कंपनीची. त्याआधीची गोष्ट तर आणखी जुनी. २००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीकडे दिले गेले. पंचाण्णव वर्षं! माझी नानी त्याहून कमी जगली. लातूर आणि उस्मानाबादच्या धावपट्ट्यांवर नियमित प्रवासी विमान कधी रुजलं नाही. धावपट्टी मात्र तिथेच आहे, पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरं आणि खासगी विमानं उतरायला.

आपण एकमेकांपासून दूर का?

नकाशावर नांदेडहून निघणाऱ्या विमानांच्या रेषा पाहा. दिल्ली, हैदराबाद, बेंगळुरू. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या वेळी हा विमानतळ वाढवला गेला. देशभरातले शीख भाविक तिथे येतात, ती गरज खरी आहे आणि तिचा मान राखलाच पाहिजे. औरंगाबादच्याही रेषा मुंबई, दिल्ली, हैदराबादकडे जातात. पण नांदेड आणि औरंगाबाद यांच्यामध्ये रेषा नाही. हवेतूनच जायचं म्हटलं तर हैदराबादला जाऊन परत यायचं. नांदेड–हैदराबाद अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तिथून औरंगाबाद चारशे तीसच्या आसपास. २१५ किलोमीटरसाठी पावणेसातशे!

विमान कंपनीला दोष देऊन भागणार नाही. ती धंदा करते आणि जिथे पैसा आहे तिथे उडते. प्रश्न आपल्या विकासाच्या कल्पनेचा आहे. या कल्पनेत छोट्या शहरातल्या माणसाला एकच दिशा असते, मोठ्या शहराची. तो मुंबईला जाईल, हैदराबादला जाईल, तिथून आखाताला जाईल. पण त्याला शेजारच्या जिल्ह्यात जायचं असेल, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि त्याला तर तिथेच जायचं असतं. नांदेड, परभणी, लातूरचा माणूस उच्च न्यायालयात दाद मागायला निघतो तो औरंगाबादच्या खंडपीठाकडे. राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय औरंगाबादेत पाणचक्कीला आहे, म्हणून नांदेडच्या मशिदीच्या जमिनीचा कागद घेऊन मुतवल्लीला तिथेच खेटे घालावे लागतात. उलट दिशेने, औरंगाबाद ज्या रेल्वे विभागात येतं त्याचं कार्यालय नांदेडला आहे. मुलींची विद्यापीठाची परीक्षा, भरतीची कागदपत्र-पडताळणी, मोठ्या दवाखान्यातली तारीख, सगळं या दोन शहरांच्या मधल्या वाटेवर घडतं. आणि मय्यतही.

सकाळी साडेदहाच्या तारखेसाठी नांदेडचा माणूस आदल्या रात्री निघतो. रात्र बसमध्ये किंवा फलाटावर काढतो. त्याची रोजंदारी दोन दिवसांची बुडते. घरून एकट्या मुलीला रात्रीचं पाठवायचं नाही म्हणून बापाचीही बुडते, आणि पुष्कळदा 'राहू दे, नको जाऊस' असा निकाल लागतो. आपल्या कितीतरी बहिणींचं शिक्षण आणि नोकरी या चार शब्दांत संपली आहे. घरच्यांच्या भीतीबद्दल आपण बोलतोच, बोललंही पाहिजे. पण संध्याकाळी घरी परत आणणारी गाडी असती तर त्या भीतीला अर्धं उत्तर मिळालं असतं, हेही बोला.

१२० वर्षांचा एकेरी रूळ

मग करायचं काय? माझं उत्तर आकाशात नाही, जमिनीवर आहे. सिकंदराबादहून मनमाडपर्यंतचा रेल्वेमार्ग निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास झाला. तेव्हा तो मीटरगेज होता. रुंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं. औरंगाबाद ते परभणी हा १७७ किलोमीटरचा टप्पा इतकी वर्षं एकेरीच राहिला. एकेरी मार्ग म्हणजे काय, हे या गाडीने जाणाऱ्याला शिकवावं लागत नाही. सेलू किंवा परतूरला गाडी उभी राहते, पंखे फिरत राहतात, खिडकीतून कुणीतरी विचारतो, "क्रॉसिंग आहे का?" समोरून दुसरी गाडी येऊन जाईपर्यंत तुमचा वेळ तिचा असतो.

या टप्प्याच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली जुलै २०२५ मध्ये. मार्ग झाल्यानंतर सव्वाशे वर्षांनी! पुढच्याच महिन्यात मुंबई–जालना वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवली गेली. चांगलं झालं, स्वागत आहे. पण ती चकचकीत गाडीसुद्धा याच रुळांवरून धावते, आणि तिला वाट मोकळी करून द्यायला जनरल डब्यांची गाडी बाजूला उभी राहते. दुसरा रूळ पडला तर प्रत्येक गाडीचा वेळ वाचेल, आणि तो सत्तर जणांचा नसेल, हजारोंचा असेल. सकाळी नांदेडहून निघून दहाच्या आत औरंगाबादेत पोचवणारी आणि संध्याकाळी परत नेणारी साधी गाडी मिळाली, तर ती या दोन शहरांसाठी कुठल्याही विमानापेक्षा मोठी गोष्ट ठरेल. मंजुरीचा कागद निघाला आहे. आता तो कपाटात पडून राहणार की रुळावर उतरणार, हे आपण किती वेळा विचारतो यावर ठरेल.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप मला माझ्याच मित्रांनी ऐकवला. "म्हणजे गरिबाने विमानात बसायचंच नाही का? आपली पोरं दुबई, रियाधला जातात, त्यांना घराजवळ विमानतळ नको?" हवा, नक्की हवा. विमानात बसणं ही श्रीमंतांची मिरास नाही, आणि आजारी माणसाला तातडीने हलवायला धावपट्टी लागतेच. माझं म्हणणं क्रमाचं आहे. सार्वजनिक पैसा आधी कुठे जावा? ज्या मार्गाने हजारो माणसं उभ्याने जातात तिथे, की जिथे सत्तर खुर्च्यांतल्या निम्म्या स्वस्तात द्याव्या लागतात तिथे? आणि विमानासाठी पैसा द्यायचाच असेल तर ते तीन वर्षांनी गायब होणार नाही, याची हमी कोण देणार?

दुसरा आक्षेप आपल्यातल्या वडीलधाऱ्यांचा. "बेटा, आपल्या कौमचे प्रश्न वेगळे आहेत. रेल्वे-विमान कशाला घेऊन बसलास?" त्यांना मी अदबीने सांगतो, चाचा, त्या जनरल डब्यात कौम विचारून जागा मिळत नाही. माझ्या शेजारी उसाच्या फडावरून परतणारं जोडपं उभं असतं, पंढरीहून आलेली आजी असते, मदरशातला मुलगा असतो. क्रॉसिंगला थांबलेली गाडी सगळ्यांनाच उशीर करते. संविधानाच्या कलम १९ ने आपल्याला देशभर मुक्तपणे फिरण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. पण ज्याच्या गावाहून वेळेवर गाडी निघत नाही त्याच्यासाठी ते स्वातंत्र्य पुस्तकातच राहतं. मराठवाड्याचा अनुशेष मोजायला कलम ३७१ खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ नेमलं गेलं. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. त्यासाठी आपल्यातल्या किती जणांनी आवाज केला? औरंगाबादचं नाव सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा दोन्ही बाजूंची किती तरुण मुलं रस्त्यावर उतरली, किती पोस्टी टाकल्या गेल्या! त्या ताकदीचा दहावा हिस्सा जरी या शहरातून निघणाऱ्या रुळाच्या मागे लागला असता, तर दुसरा रूळ कदाचित केव्हाच पडला असता. नावासाठी भांडायला लावणारे पुढारी मुंबईला विमानाने जातात. त्यांचा वेळ वाचलेलाच असतो.

आता तुमच्याकडे मागणं

दोस्तांनो, रील पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा. हे विमान आठवड्यातून किती दिवस उडतं? सवलत संपल्यावर ते उडणार आहे का? आणि त्यावर खर्च झालेल्या पैशात तुमच्या गावाच्या गाडीला किती डबे लागले असते? उत्तर मिळालं नाही तर माहितीचा अधिकार २००५ पासून तुमच्या हातात आहे. दहा रुपयांचा अर्ज लागतो. तुमच्या विमानतळावरून वर्षभरात किती उड्डाणं जाहीर झाली, किती रद्द झाली आणि राज्याच्या तिजोरीतून तुटीपोटी किती रक्कम गेली, हे विचारा. दुसरा अर्ज रेल्वेच्या नांदेड विभागाकडे करा. औरंगाबाद–परभणी दुहेरीकरणाचं काम कुठवर आलं, जमीन किती संपादित झाली, पहिला टप्पा कधी सुरू होणार? एकट्याने नको, दहा जणांनी मिळून करा. त्यात शेजारच्या गल्लीतले आणि शेजारच्या वस्तीतले मित्रही घ्या. आलेली उत्तरं तुमच्या आमदार-खासदारासमोर ठेवा आणि त्यांच्या तोंडचं उत्तर लिहून घ्या.

मी माझे अर्ज टाकले आहेत. मामूंना सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "अर्जी से नानी वापस आती क्या?" नाही येत. पण अम्मी नांदेडला आहे, तिचं वय वाढतंय, आणि मी अजून औरंगाबादलाच आहे.